टीडीएस मीटर म्हणाला ‘पाणी एक नंबर’, आणि मासे मेले: पाण्यातला ऑक्सिजन नेमका कसा मोजतात?



मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पहाटे साडेपाचला मामांचा फोन आला. मामा सिन्नर तालुक्यात शेती करतात. कांदा, थोडं डाळिंब आणि ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं. तळ्यात पाणी आहेच तर दोन पैसे सुटतील म्हणून त्यांनी रोहू, कटला आणि मृगळ सोडले होते.

“अरे, सगळे मासे वर आलेत. तोंडं वर काढून नुसते आ वासतायत. काय करू?”

आता माझी चूक ऐका. मे महिन्यात मीच त्यांना ऑनलाइन मागवलेला पेनसारखा टीडीएस मीटर दिला होता. तेव्हा तळ्यात बुडवून बघितला तर २८० आकडा आला, आणि मी शहाण्यासारखं सांगितलं होतं, “मामा, पाणी एक नंबर आहे.” त्या पहाटेसुद्धा मी पहिला प्रश्न हाच विचारला, “मीटर किती दाखवतोय?” ते म्हणाले, २९०. मी म्हटलं, “मग पाण्याला काही झालेलं नाही. कुणी काही टाकलंय का बघा.”

या एका वाक्याने दोन नुकसानं झाली. एक म्हणजे तो मोलाचा अर्धा-पाऊण तास गेला. आणि दुसरं, शेजारच्या शेतकऱ्याने आदल्या दिवशी फवारणी केली होती, त्यामुळे मामांचा संशय थेट त्याच्यावर गेला. आठ वाजेपर्यंत अर्ध्याहून जास्त मासे उलटे होऊन तरंगत होते आणि बांधावर भांडण पेटलं होतं.

दुपारी मी मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीला फोन लावला. तिने टीडीएसचं नावही काढलं नाही. तिचे प्रश्न तीनच होते. मासे किती वाजता वर आले? आधी मोठे मेले की छोटे? आणि पाण्याचा रंग कसा आहे? उत्तरं होती: पहाटे, मोठे कटले आधी, आणि गर्द हिरवा. ती म्हणाली, “विष नाहीये. ऑक्सिजन संपला.”

हा लेख त्या तीन प्रश्नांमुळे लिहितोय. पाणी ‘चांगलं’ आहे की नाही हे आपण ज्या आकड्यावरून ठरवतो, त्या आकड्याला पाण्यातल्या जिवांचं काहीच कळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

टीडीएस पेनला काय दिसतं?

पेनच्या टोकाला धातूचे दोन छोटे खांब असतात. त्यांच्यात अगदी लहान व्होल्टेज देऊन पाण्यातून किती वीज जाते हे तो मोजतो. पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड वगैरे, विद्युतभार असलेल्या आयनांच्या रूपात असतात. आयन जास्त तर वीज जास्त. मग या वाहकतेला साधारण ०.५ ते ०.७ यांपैकी कंपनीने ठरवलेल्या एका आकड्याने गुणून तो स्क्रीनवर ‘टीडीएस’ दाखवतो. म्हणजे हा मीटर विरघळलेले पदार्थ मोजत नाही. तो वीज मोजतो आणि पदार्थांचा अंदाज सांगतो.

घरी करून बघा. आरओच्या पाण्याचे दोन ग्लास घ्या. एकात चिमूटभर मीठ टाका, दुसऱ्यात दोन चमचे साखर. मिठाच्या ग्लासात आकडा एकदम उडी मारेल. साखरेच्या ग्लासात जवळपास हलणारच नाही, कारण साखरेच्या रेणूवर विद्युतभार नसतो. युरियाचंही तसंच. कितीतरी कीटकनाशकांचंही तसंच. आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचंही अगदी तसंच.

मीटर खोटारडा नाही, बरं का. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. बोअरचं पाणी खारट आहे का, ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतील का, यासाठी तो उपयोगी आहे. पण तळं जिवंत आहे का, हे त्याला विचारणं म्हणजे वजनकाट्याला ताप विचारण्यासारखं आहे. मी तेच केलं होतं.

पाण्यात ऑक्सिजन मावतो तरी किती?

आधी एक गैरसमज. पाणी म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, मग पाण्यात ऑक्सिजन कसा संपेल? मामांनीही हेच विचारलं. तो ऑक्सिजन हायड्रोजनला घट्ट बांधलेला असतो, माशाला त्याचा श्वासासाठी उपयोग नाही. मासा कल्ल्यांतून घेतो तो हवेतला किंवा शेवाळाने सोडलेला ऑक्सिजन, जो वायू म्हणूनच पाण्यात विरघळलेला असतो. याला विरघळलेला ऑक्सिजन किंवा बोलीत ‘डीओ’ म्हणतात.

तो फारच थोडा असतो. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात ० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १४.६ मिलीग्रॅम, २० अंशाला ९.१, २५ अंशाला ८.३ आणि ३० अंशाला ७.६ मिलीग्रॅम. पाणी तापलं की मावणारा ऑक्सिजन कमी होतो. सोड्याची बाटली गरम झाल्यावर उघडली की सगळा वायू फसफसून निघून जातो, थंड असताना टिकतो, तोच प्रकार. आणि गंमत अशी की पाणी तापल्यावर माशाची भूक आणि श्वासाची गरज मात्र वाढते. म्हणजे पगार कमी आणि खर्च जास्त, दोन्ही एकाच वेळी.

तुलनेसाठी, आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत ऑक्सिजन असतो साधारण २७० मिलीग्रॅम. ३० अंशाच्या पाण्यात त्याच्या पस्तिसाव्या भागाइतका. शिवाय पाण्यात ऑक्सिजन पसरतोही हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू. तळं शांत असेल तर वरच्या हवेतला ऑक्सिजन आपोआप तळापर्यंत पोचेल, ही आशा सोडून द्या. पाणी हललं पाहिजे.

मी मामांच्या तळ्याचा हिशेब करून बघितला. ३० बाय ३० बाय ३, बाजूंना उतार, म्हणजे पूर्ण भरल्यावर सुमारे २१.९६ लाख लिटर. लिटरला ७.५ मिलीग्रॅम धरले तर अख्ख्या तळ्यात ऑक्सिजन किती? सुमारे साडेसोळा किलो. कोविडमध्ये आपण जे जम्बो सिलिंडर बघितले, तसे दोन पुरते भरणार नाहीत इतकाच. एवढं मोठं तळं, आणि त्याची सगळी हवा टेम्पोच्या एका कोपऱ्यात मावेल!

हिरवं पाणी दिवसा देतं, रात्री घेतं

मग मासे जगतात कसे? शेवाळामुळे. पाणी हिरवं दिसतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा ऊन मिळालं की ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतं. भर दुपारी वरच्या थरात लिटरला १२-१५ मिलीग्रॅमपर्यंतही जाऊ शकतो, म्हणजे नियमाने मावतो त्याहून जास्त.

सूर्य मावळला की हा कारखाना बंद. पण शेवाळ जिवंत आहे, त्यालाही श्वास घ्यायचाय. रात्रभर ते ऑक्सिजन वापरतं, जिवाणू वापरतात, तळाशी साठलेलं न खाल्लेलं खाद्य, शेण आणि पालापाचोळा कुजताना वापरला जातो. त्यामुळे डीओ रात्रभर उतरत जातो आणि सर्वांत खाली असतो सूर्योदयाच्या जरा आधी. मैत्रिणीचा पहिला प्रश्न ‘किती वाजता?’ होता तो यामुळेच.

माझा समज होता की मासे जास्त झाले म्हणून ऑक्सिजन संपला असेल. पण हिशेब बघा. कटला-रोहूसारखे मासे उबदार पाण्यात किलोमागे तासाला ढोबळ २००-३०० मिलीग्रॅम ऑक्सिजन वापरतात. तळ्यात ६०० किलो मासे धरले तरी बारा तासांच्या रात्रीत दोन किलोच्या आसपास. साडेसोळातले दोन. बाकीचा जातो मुख्यतः त्या हिरव्या पाण्यात आणि तळातल्या कुजण्यात. मासे घरातले सर्वांत कमी जेवणारे पाहुणे, आणि उपाशी मात्र तेच मरतात.

त्यात मामांनी काय केलं होतं? मासे लवकर वाढावेत म्हणून शेण आणि सुपर फॉस्फेट सढळ हाताने टाकलं होतं. थोडं टाकलं तर ठीक, शेवाळ वाढतं आणि मासे ते खातात. जास्त झालं तर पाणी पालकाच्या सूपासारखं दाट होतं. मग प्रकाश वरच्या हातभर पाण्यातच अडतो, खाली अंधार. आणि त्या आठवड्यात सलग तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. दिवसा कमाई कमी, रात्री खर्च तेवढाच. तिसऱ्या पहाटे खातं रिकामं.

पण पूर्ण रिकामं एका रात्रीत कसं झालं? इथे पाण्याचे थर येतात

शाळेत दहावीला आपण सगळ्यांनी ‘पाण्याचे असंगत आचरण’ शिकलोय. होपचं उपकरण, ४ अंशाला पाण्याची घनता सर्वांत जास्त, थंड देशात तळी वरून गोठतात आणि मासे खाली जगतात. पाठ करून मार्क मिळवले आणि विसरलो, कारण आपल्याकडे कुठलं तळं गोठतंय?

पण त्याच घनतेच्या आलेखाचं दुसरं टोक आपल्या कामाचं आहे. पाणी ४ वरून ५ अंशाला गेलं तर घनता जेमतेम हलते. २९ वरून ३० ला गेलं तर लिटरमागे सुमारे ०.३ ग्रॅमने कमी होते, म्हणजे तिकडच्यापेक्षा पस्तीसेक पट फरक. अर्थ असा की आपल्या उबदार पाण्यात एक-दोन अंशांचा फरकसुद्धा थर पाडायला पुरतो. वरचं तापलेलं हलकं पाणी वरच राहतं, खालचं किंचित थंड आणि जड पाणी खालीच. मध्ये अदृश्य पडदा. वारा नसेल तर दोन्ही मिसळतच नाहीत.

खाली प्रकाश नाही, वरून ऑक्सिजन येत नाही, आणि तळाशी कुजणं चालूच. काही दिवसांत खालचा थर जवळजवळ ऑक्सिजनशून्य होतो, आणि तिथे अमोनिया व हायड्रोजन सल्फाइड साठतो. मासे वरच्या मीटरभर पाण्यात राहून दिवस काढतात. वरून सगळं छान दिसतं.

मी मामांना नंतर खोदून विचारलं तेव्हा आठवून म्हणाले, “रात्री दोनच्या सुमाराला सोसाट्याचा वारा सुटला आणि मोठी सर आली होती. आणि सकाळी तळ्याला वास येत होता रे, अंडं कुजल्यासारखा.” झालं. पावसाच्या गार पाण्याने वरचा थर थंड होऊन जड झाला, खाली बसू लागला, वाऱ्याने ढवळलं, आणि तळातलं ऑक्सिजन नसलेलं पाणी सगळ्या तळ्यात मिसळलं. पावसाने तळ्याला जीवदान मिळतं असं आपण समजतो. त्या रात्री त्याच पावसाने घात केला.

आता शेजाऱ्याबद्दल. विष आणि ऑक्सिजनटंचाई ओळखायची एक ढोबळ रीत आहे. ऑक्सिजन संपला असेल तर घटना बहुधा पहाटे घडते, मासे पृष्ठभागाला येऊन आ वासतात, मोठे आधी मरतात, आणि ऊन चढल्यावर उरलेले सावरतात. कीटकनाशक असेल तर वेळेचं बंधन नसतं, लहान मासे आधी जातात, आणि पाण्यातले किडे, बेडकांची पिल्लंही मरतात. मामांच्या तळ्यात बोटभर मासे आणि पाणकिडे त्या दिवशीही मजेत फिरत होते. अजून एक खूण म्हणजे मरळ. मरळ हवेतला ऑक्सिजन थेट घेऊ शकतो, म्हणून अशा रात्रीतून तो वाचतो. कटला मेला आणि मरळ जिवंत असेल, तर आधी ऑक्सिजनकडे बघा.

डीओ मोजायचा कसा? तीन मार्ग

सर्वांत जुना मार्ग १८८८ चा आहे. हंगेरीतले रसायनशास्त्रज्ञ लायोश विंक्लर यांची पद्धत. बाटलीत हवेचा बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं, मँगनीजचं क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड टाकायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो, तेवढ्यावरूनच पोटात गोळा येतो. मग आम्ल टाकलं की तपकिरी साका विरघळून आयोडीन सुटतं, आणि थायोसल्फेटचे थेंब मोजत मोजत रंग घालवायचा. जितके थेंब, तितका ऑक्सिजन. मत्स्यशेतीच्या दुकानांत मिळणारे थेंब-मोजणीचे किट याच तत्त्वावर चालतात. रसायनं त्वचेला लागतात, हातमोजे घाला.

मामांनी पहिल्यांदा किट वापरलं तेव्हा पहाटे ६ आलं. आम्ही दोघं खूश. मग कळलं की ते तांब्याने पाणी घेऊन वरून बाटलीत धार धरत होते. धार पडताना हवा मिसळते, तो ऑक्सिजन तळ्याचा नव्हे, तांब्याचा! बाटली पाण्याखाली नेऊन, तिरकी धरून, तिथेच झाकण लावल्यावर त्याच पाण्यात साडेतीन आलं.

दुसरा मार्ग विजेचा. अमेरिकेतले लेलँड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात रक्तातला ऑक्सिजन मोजायला एक इलेक्ट्रोड बनवला. धातूच्या टोकावर पातळ पडदा, त्यातून फक्त वायू आत जातो, ऑक्सिजनची रासायनिक क्रिया होते आणि त्या प्रमाणात वीज वाहते. दवाखान्यातली ही युक्ती पुढे नदी-तलावांत आली. अडचण एकच, हा सेन्सर मोजताना स्वतःच ऑक्सिजन खातो. त्यामुळे पाणी स्थिर असेल तर टोकाजवळचा ऑक्सिजन संपतो आणि आकडा खोटा खाली येतो. म्हणून मोजताना तो हलवत राहावा लागतो. पडदाही मधूनमधून बदलावा लागतो.

तिसरा मार्ग प्रकाशाचा, आणि मला हा सर्वांत आवडतो. सेन्सरच्या टोपीवर एका खास रंगद्रव्याचा लेप असतो. त्यावर निळ्या एलईडीचा झोत मारला की ते लालसर चमकतं आणि अतिशय कमी वेळात विझतं. पण आजूबाजूला ऑक्सिजनचे रेणू असतील तर ते या चमकणाऱ्या रेणूंना धडकतात आणि त्यांची ऊर्जा काढून घेतात, मग चमक आणखी लवकर विझते. सेन्सर ‘किती लवकर विझलं’ एवढंच मोजतो. जितकं झटपट विझणं, तितका ऑक्सिजन जास्त. ऑक्सिजन खर्च होत नाही, पाणी ढवळावं लागत नाही, आकडा बराच काळ स्थिर राहतो. टोपीवरचा लेप मात्र कालांतराने झिजतो, टोपी बदलावी लागते. किंमत टीडीएस पेनच्या कितीतरी पट.

आकडा आल्यावर काय समजायचं? कटला-रोहूसाठी ५ च्या वर असेल तर झोपा. ३ च्या खाली गेला की मासे खाणं कमी करतात आणि वाढ अडते. १ च्या खाली काही तास राहिला तर मेलेच समजा.

पीएच आणि अमोनिया: एकाच आकड्याची दोन रूपं

हे थोडक्यात सांगतो, पण सोडून चालणार नाही. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. विद्युतभार असलेलं अमोनियम, जे फारसं घातक नाही, आणि मुक्त अमोनिया, जो विषारी आहे. कुठलं किती, हे पीएच ठरवतो. ३० अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या १ टक्क्याहूनही कमी. पीएच ८ ला सात-आठ टक्के. पीएच ९ ला जवळपास ४५ टक्के!

आणि दाट हिरव्या तळ्यात दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच सहज ९ च्या पुढे जातो. म्हणजे अशा तळ्यात माशांना पहाटे ऑक्सिजनची भीती आणि दुपारी अमोनियाची. पीएच सकाळी एकदा मोजून ‘साडेसात आहे, छान’ म्हणणारे बरेच भेटतात. दुपारी तीनलाही मोजा.

फुकटचा सेन्सर: स्टीलची ताटली

१८६५ मध्ये अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. आज जगभर तलावांसाठी साधारण २० सेंटीमीटरची, काळ्या-पांढऱ्या चौथऱ्यांची तबकडी वापरतात. मामांनी जुन्या ताटलीला ऑइलपेंट मारला, मध्ये भोक पाडून दोरी बांधली, खाली नटबोल्टचं वजन लावलं आणि दोरीला दर ५ सेंटीमीटरवर गाठ मारली.

मत्स्यतळ्यात ३०-४० सेंटीमीटरवर ताटली दिसेनाशी झाली तर शेवाळ बेताचं आहे. २० च्या आत दिसेनाशी झाली तर शेण-खत ताबडतोब बंद, खाद्य निम्मं, आणि पहाटे उठायची तयारी. फक्त पाणी मातीमुळे गढूळ आहे की शेवाळामुळे हिरवं, हे डोळ्यांनी बघा. ताटलीला ते कळत नाही. माझ्या मते शेततळ्यासाठी हे जगातलं सर्वोत्तम उपकरण आहे, आणि याला चार्जिंग लागत नाही.

नदीत मासे मरतात तेव्हा

तत्त्व तेच, फक्त शेणाच्या जागी सांडपाणी. शहराचं मैलापाणी किंवा मळीसारखं सेंद्रिय द्रव्य नदीत आलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि खाताना ऑक्सिजन संपवतात. किती संपवतील, याचं माप म्हणजे बीओडी. नमुना बंद बाटलीत अंधारात ठेवून आधीचा आणि नंतरचा डीओ मोजतात. बऱ्याच देशांत २० अंशाला ५ दिवस, भारतात मात्र २७ अंशाला ३ दिवस, कारण आपलं पाणी मुळात गरम. यातून एक अडचण लक्षात येईल, बीओडीचा निकाल यायला तीन दिवस लागतात. तोवर ते पाणी खालच्या गावातून कधीच पुढे गेलेलं असतं. म्हणून नदीकाठच्या स्वयंचलित केंद्रांत डीओ सतत मोजण्याला महत्त्व आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात डीओ किमान ४, पीएच ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलीग्रॅमपर्यंत चालतो. आंघोळीच्या पाण्यात डीओ किमान ५ आणि बीओडी ३ पर्यंत. नदीचा अहवाल वाचायला मिळाला तर आधी हे दोन रकाने शोधा.

पण आकडे आंधळेपणाने लावू नका. बुलढाण्याचं लोणार सरोवर या तक्त्यात बसवलं तर नापास होईल, खारट आणि अतिशय अल्कधर्मी. तरी ते आजारी नाही. तिथल्या पाण्याला सरावलेले जीव तिथे आहेत. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा ‘प्रदूषण झालं’ म्हणून फॉरवर्ड फिरले होते, मला पण चार आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघालं क्षारप्रिय हॅलोआर्किया आणि त्यांचं रंगद्रव्य. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

मामांच्या तळ्यावर पुढे काय झालं?

मासे आ वासताना दिसले तर पहिली पाच मिनिटं काय करायचं, ते आता मामांच्या शेडमध्ये खडूने लिहिलंय: खाद्य बंद. मोटर चालू करून तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पाडायचं. विहिरीचं पाणी सोडायचं असेल तर तेही उंचावरून, कारण खोल विहीर-बोअरच्या पाण्यात स्वतःचाच ऑक्सिजन कमी असू शकतो. तळ ढवळायचा नाही.

त्यांनी एक हॉर्सपॉवरचा चाकाचा एअरेटर घेतला. असा एअरेटर चाचणीत तासाला साधारण एक-दीड किलो ऑक्सिजन मिसळतो, प्रत्यक्षात तळ्यात त्याहून कमी. अडचण विजेची. शेतीची थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे चारला एअरेटर म्हणजे शोभेची वस्तू. सौर पंपही रात्री झोपतो. शेवटी त्या आठवड्यांसाठी डिझेल इंजिनाचा पंप ठेवावा लागला. तो ज्या शेजाऱ्यावर संशय घेतला होता त्याचाच आहे. मी मामांना ते मोठे-छोटे माशांचं समजावून सांगितल्यावर ते दोन दिवस गप्प होते, मग स्वतः त्याच्या वस्तीवर गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पंप आला.

मामांनी मला विचारलं, मोबाइलवर मेसेज येणारा डीओ सेन्सर बसवू का? तुमच्यातलेही काही जण हेच विचारणार. माझं उत्तर: मोठी मत्स्यशेती असेल, लाखांचा माल पाण्यात असेल, तर नक्की बसवा, आणि ऑप्टिकलच घ्या. पण सेन्सरच्या टोकावर आठवड्याभरात शेवाळ आणि चिकटा चढतो, मग तो तळ्याचा नाही तर त्या चिकट्याचा ऑक्सिजन सांगायला लागतो. आठवड्यातून एकदा मऊ कापडाने पुसणारा माणूस नसेल तर तो मेसेज मी दिलेल्या टीडीएस पेनसारखाच ठरेल. एका शेततळ्यासाठी ताटली, थेंबांचं किट आणि आभाळ भरलं की पहाटे चारचा गजर, एवढं पुरतं.

ते पेन अजून मामांकडेच आहे. ठिबकच्या बोअरचं पाणी तपासायला वापरतात.